जपानी रग्बी खेळाडू परदेशी क्लबांत का दिसत नाहीत?

किरण_सातारकर

रग्बीवर धागा काढतोय म्हणजे प्रतिसाद येणार दोन, त्यातला एक माझाच, हे गृहीत धरून लिहितोय. पण डोक्यात किडा वळवळतोय तो कुठेतरी सोडायला हवा.

जपानच्या नॅशनल टीमची यादी बघत होतो. नावापुढे प्रत्येकाचा क्लब लिहिलेला असतो. टोयोटा, सनटोरी, तोशिबा, पॅनासॉनिक, कुबोटा, कोबे स्टील... टीमची यादी वाचतोय का शेअर बाजाराचं पान तेच कळेना. बाहेरच्या देशातला क्लब शोधावा लागतो, सापडला तर एखादा.

आता यांचेच फुटबॉलवाले बघा. मितोमा ब्रायटनला, एंदो लिव्हरपूलला, कुबो स्पेनमध्ये. नॅशनल टीम उभी केली तर जवळजवळ सगळी युरोपात खेळणारी पोरं. बेसबॉलमध्ये ओहतानीबद्दल मी काय सांगू. आणि रग्बीत हे काही लिंबूटिंबू नाहीत. २०१५ ला ब्रायटनमध्ये दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मारून ड्रॉ घ्यायचा सोडून कॅप्टन लीचने स्क्रम (दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना ढकलतात तो) मागितला आणि ट्राय (बॉल रेषेपलीकडे टेकवून मिळतात ते गुण) काढला. २०१९ ला घरच्या वर्ल्ड कपात आयर्लंड आणि स्कॉटलंड दोघांनाही हरवून क्वार्टर फायनलला गेले. मग एवढं सगळं करून फ्रान्स-इंग्लंड-न्यूझीलंडच्या क्लबांत हे लोक का नाहीत? अंगाने लहान म्हणून कोणी घेत नाही, का यांनाच जायचं नाही?

गोट्या_दि_ग्रेट

पहिला प्रतिसाद माझा. आता तुमचा टाका म्हणजे दोन होतील.

अनघा_पार्ले

मला रग्बीतलं ओ का ठो कळत नाही पण उत्तर माहितीये. घरचं जेवण सोडून मेसमध्ये कोण जाईल?

निशिकासाईकर

अनघाताईंनी एका ओळीत उरकलं, मी जरा पाल्हाळ लावतो कारण हा विषय अक्षरशः माझ्या घराशेजारचा आहे.

टोकियोत निशिकासाईला राहतो. आपल्या लोकांची वस्ती इथे भरपूर, गणपतीपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं मिळतं. पण फार थोड्या देशी मंडळींना पत्ता आहे की स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर कुबोटा स्पिअर्सचं मैदान आहे. तेच स्पिअर्स, जपानच्या सगळ्यात वरच्या लीगचे, म्हणजे लीग वनचे २०२३ चे चॅम्पियन. पालिकेचं ॲथलेटिक्सचं मैदान ते, मध्ये गवत आणि भोवती धावायचा ट्रॅक. मॅचच्या दिवशी सगळी गल्ली नारिंगी जर्सीत. त्यात अर्धे लोक कंपनीचेच, बायकापोरं, सासूसासरे, शेजारचे डिपार्टमेंट सगळं घेऊन आलेले. आणि मैदानात कोण, तर माल्कम मार्क्स! दक्षिण आफ्रिकेचा वर्ल्ड कप जिंकलेला हुकर (स्क्रमच्या पहिल्या ओळीतला मधला). आपण बेंटो खात बसलोय आणि हा माणूस समोर लाइनआउट टाकतोय.

तर किरणराव, परदेशी क्लबांत जे खेळाडू भेटायचे ते इकडे येऊन राहिलेत. तोशिबाकडे न्यूझीलंडचा रिची मोउंगा आला, २०२४ आणि २०२५ लागोपाठ दोन्ही वेळा तोशिबा चॅम्पियन. सनटोरीकडे दक्षिण आफ्रिकेचा कोल्बे, टोयोटाकडे ॲरन स्मिथ. त्याआधी डॅन कार्टर कोबेला येऊन २०१८ ला जिंकून गेला. न्यूझीलंडचे खेळाडू पैशासाठी जपानला येतात, मग जपानी खेळाडूने पैशासाठी न्यूझीलंडला जायचं म्हणजे उलटी गंगा.

दाजीबा_निफाड

कुबोटा?? आमच्याकडे द्राक्षबागेत फवारणीला कुबोटाचा छोटा ट्रॅक्टर आहे. त्यांची रग्बीची टीम पण असते होय. सर्व्हिस सेंटरवाल्याला विचारतो, स्क्रम पण करून देता का म्हणावं.

गोट्या_दि_ग्रेट

दाजीबा, द्राक्षांच्या ओळीत बसतो म्हणजे तुमचा ट्रॅक्टर हाफबॅक (छोटा, चपळ) असणार, प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या ओळीतला आडदांड) नाही.

विनायक_जोशी_६२

निशिकासाईकर, पैशाचं बरोबर आहे पण अर्धंच आहे. मुळाशी नोकरी आहे.

आमच्या मुंबईत टाइम्स शील्ड खेळलेल्यांना हे चटकन समजेल. टाटा, महिंद्र, निरलॉन, मफतलाल, एअर इंडिया, स्टेट बँक, रेल्वे. क्रिकेट असो की कबड्डी, पोरगा चांगला खेळतो ना, घ्या नोकरीत. सकाळी टेबलावर सही, दुपारी नेट्स, आणि पंचेचाळिशीत गुडघे गेले तरी प्रॉव्हिडंट फंड चालू. जपानी रग्बी नेमकं ह्याच गणितावर उभं राहिलं. कोबे स्टीलने ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून लागोपाठ सात वर्षं जपान जिंकला, ते सगळे कोबे स्टीलचे नोकरदार. कॉन्ट्रॅक्टवाले प्रोफेशनल बरेच नंतर आले, आणि आजही एकाच टीममध्ये दोन्ही जाती असतात, कॉन्ट्रॅक्टवाला आणि कंपनीचा कर्मचारी.

आता कर्मचारी खेळाडूला तुम्ही म्हणा की बाबा फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबात ये, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देतो. तो म्हणेल आणि तिसऱ्या वर्षी? खांदा निखळला तर? कंपनीत आयुष्यभराची खुर्ची आहे ती सोडून हा जुगार कशाला. आपल्याकडे रेल्वेतली नोकरी सोडून कोणी इंग्लंडात लीग क्रिकेट खेळायला कायमचा गेला का?

निशिकासाईकर

काका, अगदी. मागे कामानिमित्त एका कंपनीच्या पर्चेस डिपार्टमेंटमध्ये जायचो. तिथे एक दांडगा माणूस, मान अशी नाहीच, डोकं थेट खांद्यावर, दोन्ही कान चुरगळून गोळा झालेले. एवढ्याशा खुर्चीत बसून आमचं इन्व्हॉइस ओळीओळीने तपासायचा, टॅक्सचा एक येन इकडेतिकडे असला तरी परत पाठवायचा. बारा वाजले की जॅकेट उचलून गायब. मला वाटलं हाफ डे घेतोय रोज. मग कळलं की कंपनीच्या टीमचा फ्लँकर आहे, दुपारी प्रॅक्टिस. त्याला एकदा विचारलं बाहेर खेळायला जावंसं वाटत नाही का. हसला आणि म्हणाला, मार्चमध्ये वर्षअखेरचं क्लोजिंग असतं.

अनघा_पार्ले

हाहाहा, क्लोजिंग! जगातल्या सगळ्या पर्चेसवाल्यांचं दुःख एकच.

रुद्र_०७

मला हे पटत नाही. इन्व्हॉइसवाला फ्लँकर गोड आहे पण तो नॅशनल टीमचा नाही. ज्यांची यादी किरणने वाचली त्यातले बहुतेक फुल प्रोफेशनल आहेत, त्यांना कसली आलीये पेन्शनची चिंता. ते का जात नाहीत? स्पष्ट बोलायचं तर त्यांना कोणी घेत नाही. फ्रान्सच्या वरच्या लीगमध्ये, टॉप १४ मध्ये, लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या ओळीतला) म्हणजे दोन मीटरचा, प्रॉप म्हणजे सव्वाशे किलो पुढे. परदेशी खेळाडूची जागा असते मोजकी, ती क्लब टोंगन प्रॉपवर नाहीतर आफ्रिकन लॉकवर खर्च करणार. जपानी लॉक घेऊन काय करू? साइजचा खेळ आहे, उगाच नोकरी-संस्कृती वगैरे रंगवू नका.

मधुरा_तुलूझ

रुद्र, थांब थांब. मी तुलूझमध्ये असते (हो, विमानवाल्या कंपनीच्या नादानेच, इथे आलेले निम्मे देशी लोक त्याच्याच नादाने आलेत). इथे रग्बी म्हणजे पंढरीची वारी, रविवारी बेकरीवालासुद्धा स्क्रमवर प्रवचन देतो. आणि २०२४ पासून आमच्या स्टाद तुलूझँमध्ये नाओतो साइतो आहे. जपानी, १६५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि युरोपातल्या सगळ्यात तगड्या क्लबात. तेही कोणत्या जागेवर, तर जिथे आंत्वान डुपाँ खेळतो त्या नऊ नंबरवर, म्हणजे स्क्रमहाफला. जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूच्या मागे बसायला तो टोकियोचं बस्तान सोडून आला.

क्लबने त्याला का घेतलं असेल याचं माझं गणित सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपातल्या सहा देशांची सिक्स नेशन्स चालू असते, डुपाँ फ्रान्सकडे, पण इथली लीग पूर्ण थांबत नाही. तेव्हा क्लबला असा नऊ नंबर हवा जो इंटरनॅशनल दर्जाचा आहे पण ज्याचा देश त्या महिन्यांत खेळत नाही. जपान फेब्रुवारीत टेस्ट (देशादेशांतली मॅच) खेळत नाही! स्कॉटिश किंवा इटालियन घेतला तर तो पण गेलाच ना नेमका तेव्हा. मार्च २०२५ मध्ये डब्लिनला डुपाँचा गुडघा गेला तेव्हा तर असा माणूस हाताशी असणं म्हणजे सोनंच.

म्हणजे घेत नाही असं नाही, विशिष्ट जागेसाठी घेतात.

रुद्र_०७

मग मी वेगळं काय म्हणालो मधुराताई? लॉक-प्रॉप नाही, छोट्या जागेसाठी घेतात. आजवर गेलेल्यांची यादी काढा. साइतो, स्क्रमहाफ. न्यूझीलंडच्या हायलँडर्सला गेलेला तानाका, स्क्रमहाफ. नव्वदच्या शेवटी फ्रान्सच्या बायोनला गेलेला वातारु मुराता, तोही स्क्रमहाफ. योशिदा कोलोमियेला, ओहाता माँफेराँला, तेही फ्रान्समध्येच, दोघे विंगर (कडेने पळणारे). साइज लागत नाही त्याच जागा.

जुना_खेळ्या

यादी काढायची तर पूर्ण काढ की रे. होरिए हुकर, मेलबर्न रेबेल्सला २०१३ पासून. इनागाकी प्रॉप, तोही रेबेल्सला. हाताकेयामा प्रॉप, इंग्लंडात न्यूकॅसलला जाऊन आला. हिमेनो नंबर आठ, २०२१ ला हायलँडर्सला. फ्रंट रो मध्ये तीन तीन माणसं आहेत आणि तू म्हणतोस साइज. लॉकचं तुझं मान्य, पण लॉक तर जपानच्या स्वतःच्या टीममध्ये पण निम्मे बाहेर जन्मलेले.

रुद्र_०७

सुपर रग्बीचा (न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया वगैरेंची लीग) रेबेल्स म्हणजे तेव्हा तळातली टीम. असो.

जुना_खेळ्या

आणि तानाका २०१५ ला हायलँडर्स चॅम्पियन झाले त्या स्क्वाडमध्ये होता, ते तळातलं का? असो म्हणून सुटायचं नाही.

सायली_डी

पॉपकॉर्न आणते, चालू द्या. अवांतर, जून २०२५ ला अंधेरीच्या शहाजीराजे संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले होते. सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जणांची होती. नियम कळले नाहीत पण एका पोराने साइडलाइनवरून जी धाव घेतली, अख्खं स्टँड उभं. तेव्हापासून रग्बीचा कुठलाही धागा दिसला की उघडते. तुमचं हे पंधरा जणांचं सोप्या भाषेत लिहा म्हणजे आम्हालाही कळेल.

किरण_सातारकर

अरे वा, धागा पेटला की. सायली, सोप्यात सांगायचं तर स्क्रममधून बॉल उचलून खेळ चालू करतो तो नऊ नंबर म्हणजे स्क्रमहाफ. पुढचे आठ म्हैस वर्गातले, तो एकटा त्यांच्यावर ओरडणारा.

आणि यावरून एक प्रश्न. नऊ नंबरला सतत ओरडायचं असतं, कुठून, किती, कधी. जपानी माणूस फ्रेंचमध्ये म्हशींवर कसा ओरडणार? भाषेचा अडथळा हेच मोठं कारण नसेल ना?

मधुरा_तुलूझ

भाषा अडचण आहेच, मला इथे पहिलं वर्ष बुलांजरीत बोट दाखवून पाव घ्यायला लागायचे. पण जो फुटबॉलवाला जर्मनीत जातो त्याला तरी कुठे जर्मन येत असतं? जातोच ना. भाषा हे न जायचं कारण सांगायला बरं, खरं कारण नव्हे.

प्रसाद_ऑकलंड

फुटबॉलशी तुलना सगळे करतायत म्हणून एक मुद्दा, जो मला वाटतं सगळ्यात मोठा आहे आणि कोणी काढला नाही.

फुटबॉलमध्ये ट्रान्सफर फी असते. बेल्जियमचा क्लब जपानचा विशीतला पोरगा स्वस्तात उचलतो, दोन वर्षं खेळवतो, इंग्लंडला दसपट किमतीला विकतो. म्हणजे जपानी पोरगा ही गुंतवणूक आहे. नाही चालला तर थोडे पैसे बुडाले, चालला तर घबाड. त्यामुळे युरोपचे दलाल जपानच्या शाळाशाळांत फिरतात. जपानच्या क्लबलाही विकून पैसा मिळतो म्हणून तोही सोडतो. बेसबॉलमध्ये पोस्टिंग सिस्टीम आहे, अमेरिकेचा क्लब जपानच्या क्लबला पैसे मोजतो, ओहतानी तसाच गेला.

रग्बीत हे जवळजवळ नाहीच. कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू निघतो, पुढे विकून नफा कमवायचा बाजारच नाही. मग फ्रेंच क्लबने कोवळा जपानी पोरगा का घ्यावा? उलट त्यांच्यावर फ्रान्समध्ये घडलेले खेळाडू ठराविक प्रमाणात खेळवायची सक्ती आहे, बाहेरच्याची जागा महाग. ती तयार मालावर जाणार. आणि टोयोटाने तरी आपला खेळाडू का सोडावा, त्यांना काय मिळतं? कंपनीची टीम नफ्यासाठी नसतेच, ती नावासाठी असते. चांगला खेळाडू गेला की नुसतं नुकसान.

इकडे न्यूझीलंडला तर वेगळीच तऱ्हा. सुपर रग्बीच्या टीम ह्या ऑल ब्लॅक्स (आमची नॅशनल टीम) घडवायचे कारखाने, बाहेरच्याला जागा द्यायची म्हणजे आपल्या एका पोराची जागा गेली. तरी दोन-चार जपानी आले ते कसे आले ते बघा. तानाका आला तेव्हा हायलँडर्सचा कोच जेमी जोसेफ, जो स्वतः जपानमध्ये खेळलेला आणि १९९९ च्या वर्ल्ड कपला जपानच्या जर्सीत उतरलेला. हिमेनो आला तेव्हा कोच टोनी ब्राऊन, तोही सान्योकडून, म्हणजे आताच्या पॅनासॉनिककडून खेळलेला आणि मग जपानच्या नॅशनल टीमचा असिस्टंट. सगळा ओळखीपाळखीचा मामला आहे. हायलँडर्सच्या गावाचं, ड्युनेडिनचं दार उघडं कारण आतला माणूस ओळखीचा.

विनायक_जोशी_६२

प्रसाद, उत्तम मुद्दा. ट्रान्सफरचं डोक्यात आलंच नव्हतं.

गोट्या_दि_ग्रेट

म्हणजे वशिला. उगाच एवढं लांब लिहिलंत.

पूर्वा_के

मी जपानी भाषेची विद्यार्थिनी, वर्षभर एक्स्चेंजवर होते तिकडे, खेळातलं कमी कळतं पण वयाचं गणित मांडते.

तिथे रग्बीचा खरा जीव शाळा-कॉलेजात आहे. हायस्कूलची नॅशनल स्पर्धा ओसाकाजवळ हानाझोनोला, डिसेंबरच्या शेवटी सुरू होऊन नव्या वर्षात फायनल. मग युनिव्हर्सिटी. वासेदा-केइओ २३ नोव्हेंबरला, वासेदा-मेइजी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, वर्षानुवर्षं तारखा ठरलेल्या, आजोबा-नातू दोघं जातात. केइओत तर १८९९ पासून रग्बी. माझ्या होस्ट फॅमिलीतले काका मेइजीचे, त्या रविवारी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. नुसती वासेदाची मॅच म्हणजे नॅशनल टीमच्या मॅचपेक्षा मोठं प्रकरण असायचं एके काळी.

तर चांगला खेळाडू १८ ते २२ युनिव्हर्सिटीत असतो. तेइक्योने मध्ये लागोपाठ नऊ वर्षं जिंकलं, तिथे जायला तर पोरं जीव टाकतात. याच वयात फ्रान्समधला मुलगा क्लबच्या ॲकॅडमीत असतो आणि विसाव्या वर्षी मोठ्यांबरोबर खेळायला लागतो. जपानी मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो आणि तिथे कंपन्या सगळ्या नव्या पदवीधरांना एकाच वेळी एप्रिलमध्ये घेतात. ती गाडी चुकली की पुन्हा पकडणं अवघड. म्हणून बाहेर जायचा विचार येईपर्यंत पोरगा पंचविशी ओलांडतो, लग्न ठरतं, कंपनीचं घर असतं. साइतोसुद्धा वासेदाचा कॅप्टन होता, जानेवारी २०२० ला मेइजीला ४५-३५ हरवून चॅम्पियन झाले, मग सनटोरी, मग कुठे फ्रान्स.

ज्याने हा मार्गच धरला नाही तो मात्सुशिमा. हायस्कूल संपल्यावर युनिव्हर्सिटी नको म्हणून थेट दर्बनला शार्क्सच्या ॲकॅडमीत. पुढे तोच फ्रान्सच्या क्लेरमाँला दोन सीझन खेळला.

रुद्र_०७

मात्सुशिमाचा जन्मच दक्षिण आफ्रिकेतला, वडील झिम्बाब्वेचे. त्याच्यासाठी दर्बन परदेश कुठे होता.

पूर्वा_के

तेच तर म्हणतेय, ज्याला बाहेरचं जग आधीच माहिती होतं तोच गेला.

जुना_खेळ्या

युनिव्हर्सिटीवरून आठवलं, फुकुओका. २०१९ चा हिरो, आयर्लंडविरुद्ध ट्राय, स्कॉटलंडविरुद्ध दोन. जगातला कुठलाही क्लब त्या वेळी घेऊन गेला असता. २०२१ ला पॅनासॉनिकबरोबर लीग जिंकली आणि पठ्ठ्या मेडिकल कॉलेजात ॲडमिशन घेऊन मोकळा. अठ्ठाविसाव्या वर्षी. घराण्यात डॉक्टरकी होती म्हणे.

अनघा_पार्ले

ह्या मुलाच्या आईला भेटायचंय मला.

दाजीबा_निफाड

आमच्या पोराला पण दाखवतो हे. तो म्हणतो अभ्यास आणि कबड्डी एकत्र होत नाही.

समीर_नागपूर

मला एक कळेना, सरळ आयपीएलसारखं आहे ना हे? आपले खेळाडू बिग बॅशला जातात का? नाही. कारण पैसा इथे, जग इथे येतं. झालं की. एवढा ऊहापोह कशाला.

प्रसाद_ऑकलंड

नाही समीर, इथे गल्लत आहे. आपल्या पुरुष क्रिकेटर्सना बोर्ड बाहेरच्या लीगला परवानगीच देत नाही, निवृत्त झाल्यावर दिनेश कार्तिक दक्षिण आफ्रिकेत खेळला तसं. जपानची रग्बी संघटना अशी अडवत नाही. मात्सुशिमा क्लेरमाँला असतानाही जपानकडून खेळत होता, साइतोही खेळतो. उलट आमच्याकडे न्यूझीलंडला कडक नियम, बाहेर गेलास तर ऑल ब्लॅक्स नाही, म्हणून सावेआसारखे एका सीझनची सुट्टी घेऊन कोबेला जाऊन परत येतात. म्हणजे ज्यांना बंदी आहे ते बाहेर जायला धडपडतात आणि ज्यांना मोकळं रान आहे ते घरी बसतात.

समीर_नागपूर

बरं. पण बंदी उठवली तरी आपला रोहित बिग बॅशला गेला नसता हे माझं मत कायम.

निशिकासाईकर

परत आलो. प्रसादच्या ओळखीपाळखीच्या मुद्द्यात भर घालतो, कारण २०१३ ते २०१६ मध्ये जी लाट आली (तानाका, होरिए, मग लीच न्यूझीलंडच्या चीफ्सला, गोरोमारु ऑस्ट्रेलियाच्या रेड्सला) ती नंतर ओसरली का याचं उत्तर मला वाटतं कॅलेंडरमध्ये आहे.

तेव्हाची टॉप लीग (लीग वनच्या आधीची) ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू व्हायची आणि जानेवारीच्या आसपास संपायची. सुपर रग्बी फेब्रुवारीला सुरू. म्हणजे तानाका हिवाळ्यात पॅनासॉनिककडून खेळायचा आणि मग उठून ड्युनेडिन. नोकरी न सोडता परदेश! कंपनीला काही तोटा नाही, उलट आमचा माणूस सुपर रग्बीत म्हणून मिरवायला मिळायचं. अंगाची मात्र वाट लागायची, बारा महिने खेळच.

मग २०१६ ला सनवुल्व्ह्ज काढले, जपानचीच टीम सुपर रग्बीत. आता तोच दर्जा टोकियोत चिचिबुनोमियाला बसून मिळतोय तर बाहेर कशाला जा? पहिल्या सीझनला एकच मॅच जिंकले, मार खूप खाल्ला, पण २०१९ ची टीम त्या मारातून शिजली असं इथले जुने लोक म्हणतात आणि मला ते पटतं. मार्च २०१९ ला जाहीर झालं की २०२० नंतर सनवुल्व्ह्ज बाद. नेमकं त्याच सुमारास जपानी लीग जानेवारीकडे सरकली, २०२२ पासून लीग वन नाव घेऊन डिसेंबर-जानेवारी ते मे अशी झाली. म्हणजे सुपर रग्बीच्या डोक्यावरच येऊन बसली. आता हिमेनोसारखं जायचं तर इथला अख्खा सीझन सोडून जावं लागतं, टोयोटाला आपला माणूस सीझनभर उसना द्यावा लागला तेव्हा तो जाऊ शकला. फ्रान्सची लीग तर सप्टेंबर ते जून, तिथे दोन्ही डगरींवर पाय शक्यच नाही.

थोडक्यात एक दार कॅलेंडरने बंद झालं, दुसरं सनवुल्व्ह्ज गेल्यावर, आणि घरात मात्र एसी लागला.

जुना_खेळ्या

हे भारी. लाटेचं कारण आत्ता नीट कळलं. गोरोमारुचं मात्र वाईट वाटतं. २०१५ नंतर जपानमध्ये लहान पोरं त्याची ती दोन बोटं जोडून किक मारायची पोझ करायची. ब्रिस्बेनला गेला, खांदा गेला. मग फ्रान्सला तुलाँ, तिथे बेंचवर. वर्षाने यामाहाला परत. हे बघून पुढच्या खेळाडूने काय धडा घेतला असेल?

मधुरा_तुलूझ

धडा असा की प्रसिद्धी बघून घेतलेला खेळाडू बेंचवर बसतो आणि कामासाठी घेतलेला खेळतो. साइतोचं नाव इथे सहीच्या आधी कोणी ऐकलं नव्हतं. मैदानावर मी बघितलंय त्याला, रकपाशी (खाली पडलेल्या बॉलभोवतीच्या झटापटीपाशी) पोचतो तेव्हा बाकीचे अजून उठत असतात. बॉल जमिनीवरून उचलून न थांबता पास, एक पाऊल पण मागे घेत नाही. शेजारच्या सीटवरचे आजोबा त्याच्यावर भलतेच खूश, त्याचं नाव मात्र दर वेळी वेगळं घेतात.

स्नेहल_बी

सगळा धागा वाचला आणि एकाही माणसाने बायकांच्या रग्बीचा उल्लेख केला नाही, अपेक्षित होतंच. जपानची प्रॉप साचिको कातो इंग्लंडात एक्सेटर चीफ्सला खेळली. कारण उघड आहे, बायकांसाठी जपानमध्ये लीग वनसारखी पैसेवाली लीग नाही, तिकडे राहून गमवायचं असं फारसं काही नसतं. आणि रुद्र साहेब, प्रॉप आहे ती. साइजचं तेवढं बघून घ्या.

रुद्र_०७

साइजवरून माघार घेतो, अर्धी. लॉकची जागा माझ्याकडेच राहू द्या. पण स्नेहलताईंच्या उदाहरणाने अनघाताईंचं मेस प्रकरण सिद्धच झालं, घरी जेवण नसेल तर प्रॉपसुद्धा मेसला जाते.

अनघा_पार्ले

मानधन कुठे पाठवणार?

किरण_सातारकर

मंडळी, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. मला आता वाटतंय माझा प्रश्नच दोन तुकड्यांत होता. क्लब का घेत नाहीत, त्याचं प्रसादने सांगितलं. खेळाडू का जात नाहीत, ते जोशीकाका, पूर्वा आणि निशिकासाईकरांनी. पण तिसरा तुकडा राहिला, याने जपानच्या टीमचं भलं होतं का वाईट? २०२३ च्या वर्ल्ड कपला गटातच गेले बाहेर. इंग्लंड आणि अर्जेंटिना दोघांशी हरले. दर आठवड्याला मोउंगा-कोल्बेशी खेळून पण टेस्टमध्ये शेवटची वीस मिनिटं दम निघतोच.

निशिकासाईकर

माझं मत, वाईट होतं. मोउंगा इथे येतो पण त्याच्यासोबत ख्राइस्टचर्चचा पाऊस आणि चिखल येत नाही. इथलं मैदान कोरडं, खेळ वेगवान, आणि टीममधल्या मोक्याच्या जागा, दहा नंबर, लॉक, आठ नंबर, बऱ्याचदा परदेशी माणसाकडे. जपानी पोरगा शेवटच्या दहा मिनिटांत निर्णय घ्यायला शिकतच नाही, तो मोउंगाकडे बघतो. साइतोसारखे पाच-सहा बाहेर हवेत.

विनायक_जोशी_६२

मी असहमत. अर्जेंटिनाचे सगळे बाहेर खेळतात म्हणून त्यांची घरची लीग कोणाला माहितीये? जपानला मुळातच कौतुकाने मैदान भरणारे प्रेक्षक मिळालेत, ते टिकवा. चांगले पाच-सहा गेले की कंपन्यांचा रस संपेल आणि कंपनीचा रस संपला की काय होतं ते आम्ही मुंबईत बघितलंय, गिरण्यांच्या टीम कुठे आहेत आज?

जुना_खेळ्या

काका, पण तुमच्या गिरण्यांच्या टीम खेळाडू बाहेर गेले म्हणून नाही बुडल्या, गिरण्याच बुडाल्या.

विनायक_जोशी_६२

तेच ना. कंपनीवर टांगलेला खेळ कंपनीबरोबर जातो. म्हणून तर म्हणतो प्रेक्षक जपा.

सायली_डी

मधुरा, तुलूझच्या मॅचची तिकिटं पर्यटकाला मिळतात का? मेमध्ये यायचा विचार आहे.

मधुरा_तुलूझ

एर्नेस्त वालाँ स्टेडियमचं क्लबच्या साइटवर बघ, पण सीझन तिकिटवाले इतके आहेत की पटकन संपतात. मोठी मॅच शहरातल्या दुसऱ्या स्टेडियमला असते, तिथे मिळायची शक्यता जास्त. व्यनि कर, तारखा कळव.

दाजीबा_निफाड

सर्व्हिस सेंटरवाल्याला खरंच विचारलं. त्याला स्पिअर्स माहिती नाही. म्हणाला, पार्ट नंबर सांगा.